वीतभर अंतर

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी भेंडवळच्या एका वावरात एका उंच माणसाच्या मागे उभा होतो. माणसाच्या खांद्यावर त्याचं पोरगं होतं आणि पोराच्या डोक्यावर टोपी होती. घटमांडणीचं भाकीत म्हणून मी जे काही मोबाइलवर घेतलं, त्यात ती टोपी फार स्पष्ट आली आहे. शिवणसुद्धा मोजता येते.

भेंडवळ हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं, जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर वावरात गोल आखून त्यात १८ प्रकारचं धान्य मांडतात. मधे खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने. ढेकळांवर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, करंजी, आणि जवळच पानविडा. रात्रभर त्या गोलाजवळ कोणी फिरकायचं नाही. सकाळी कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून वर्षाचं पाऊसपाणी, पिकं आणि भाव सांगतात. पानविडा म्हणजे राजा. तो जागेवर आहे का, हे पाहायची वेळ आली की गर्दीतले पुढारी उगाच खाकरतात. परंपरा ३५० वर्षांची सांगतात. विज्ञानवाल्यांचा तिच्यावर आक्षेप आहे. माझाही आहे. पण आक्षेप असलेला माणूस उशिरा पोचतो आणि त्याला पहिल्या रांगेत जागा मिळत नाही.

साडूंना मिळाली होती. आमचे साडू घाटाखालचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बुलढाणा जिल्ह्यात माणसाचं गाव विचारण्याआधी तो घाटावरचा की घाटाखालचा, हे पाहतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे आम्ही घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. आमच्याकडे हवा थंड, त्यांच्याकडे रेल्वे. उन्हाळ्यात ते आमच्याकडे येतात आणि मुंबईला जायचं झालं की आम्ही त्यांच्याकडे उतरतो, त्यामुळे सोयरिकी टिकून आहेत. मी आदल्या दिवशी राजूरचा घाट उतरून, मोताळा करून, नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताला गाडीतूनच हात जोडून साडूंच्या घरी मुक्कामाला पोचलो होतो. साडू रात्री तीनला उठून वावरात गेले. मला पाचला उठवायला घरात दुसरं कोणी राजी नव्हतं.

तर साडूंकडे भाकिताचा आख्खा व्हिडिओ होता. ११ मिनिटांचा, आवाजासकट, १.४ जीबी. माझ्याकडे टोपी होती.

“काहून चेहरा पाडता, साडूभाऊ? टाकतो ना तुमाले व्हाट्सॲपवर.”

त्यांनी टाकला. आम्ही दोघांनी आपापले फोन त्यांच्या मोटारसायकलच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले आणि दोघंही वाकून बघत बसलो. त्यांच्या फोनवर एक गोल फिरत होता. माझ्या फोनवर काहीच नव्हतं. वावरात हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक जण आत्ताच ऐकलेलं भाकीत घरी पाठवत होता. टॉवर एक. नळावर भांडणं लागल्यावर जसं पाणी कोणालाच मिळत नाही, तसं झालं होतं.

मी दोन फोनांमधलं अंतर मोजलं. वीतभर. अंगठा आणि करंगळी ताणली की दोन्ही फोनांना टेकत होती. आणि तो व्हिडिओ आधी टॉवरवर, तिथून जमिनीखालच्या तारेनं कुठल्या कुठे कुणाच्या संगणकावर, आणि तिथून परत त्याच टॉवरवरून माझ्या फोनात यायला निघाला होता. शेजारच्या घरून विरजण मागायचं आणि ते शेजारणीनं काशीला जाऊन पोस्टानं पाठवायचं, असला हा प्रकार.

यावर उपाय नाहीत असं नाही. फार आहेत, तेच दुखणं आहे.

माझ्या माहितीतला पहिला उपाय म्हणजे इन्फ्रारेड. दोन नोकिया फोनांच्या डोक्यावर एक काळी काच असायची. त्या दोन काचा समोरासमोर आणून टेबलावर ठेवायच्या आणि कोणी हलायचं नाही. लग्नात अंतरपाट काढल्यावर जोडपं जसं टक लावून उभं असतं, तसे ते दोन फोन. मधे कोणी चहाचा कप ठेवला की लग्न मोडलं. पुन्हा पहिल्या मंगलाष्टकापासून.

मग ब्लूटूथ आला. हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजाचं. त्याचा एक दात किडून निळा-काळा पडला होता म्हणे, म्हणून तो ब्लूटूथ. त्यानं भांडणारे लोक एकत्र आणले, हे यंत्रही भांडणारी यंत्रं एकत्र आणणार, असा हिशेब. फोनवर दिसणारी ती निळी खूण म्हणजे त्याच राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं जुन्या नॉर्डिक लिपीत एकमेकांवर बसवलेली. हा शोध आमच्याकडे लागला असता तर नाव वेगळं पडलं असतं. वऱ्हाडात खर्रा खाणाऱ्याचा दात निळा होत नाही.

ब्लूटूथचा जमाना आमच्याकडे एस.टी.त गेला. बुलढाणा-खामगाव गाडी बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते. तिथे तेव्हा कोणतीच रेंज नसायची, पण ब्लूटूथला रेंज लागत नाही. दहा मीटरच्या आत माणूस हवा, एवढंच, आणि आमच्या एस.टी.त दहा मीटरच्या आत साठ-सत्तर माणसं असतात. कॉलेजची पोरं बुलढाण्याच्या स्टँडवर सिनेमा सोडायची तो खामगावच्या अलीकडे पोचायचा. देणारा मधल्याच थांब्यावर उतरला तर सिनेमा मध्यंतरापर्यंतच. आमच्या भाच्यानं असे कितीतरी अर्धे सिनेमे पाहिलेत. त्याला अजून बऱ्याच गोष्टींचे शेवट माहीत नाहीत.

ज्यांना ब्लूटूथ जमत नसे त्यांच्यासाठी दुकान होतं. ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील.’ स्टँडजवळच्या टपरीत एक पोरगा काळवंडलेल्या संगणकासमोर बसलेला, समोर मळक्या कार्ड-रीडरचं जुडगं. नखानं फोनचं मागचं झाकण काढायचा, बॅटरी उपसायचा, नखाएवढं कार्ड बाहेर काढायचा आणि विचारायचा, “काय भरू?” लोक उत्तर धान्यबाजारात देतात तसं द्यायचे. “अर्धी भजनं टाक, पाव भीमगीतं, बाकी हिंदी.” एक म्हातारबाबा आले होते ते मला आठवतात. त्यांना गजानन महाराजांची गाणी हवी होती. पोरानं दोन जीबी गच्च भरून दिली. बाबांनी कार्ड तळहातावर ठेवून जोखलं आणि म्हणाले, “एवढंसं वजन, आन् वीस रुपये?”

त्यानंतरचा काळ शेअरइट आणि झेंडरचा. पहिलं ॲप लेनोवोच्या घरात जन्मलेलं, दोन्ही चिनी, आणि दोन्ही आमच्या जिल्ह्यात पानटपरीइतकी पसरलेली. एक फोन स्वतःच वाय-फाय होतो, दुसरा त्याला जोडला जातो, इंटरनेटचा पैसाही लागत नाही. वेग ब्लूटूथच्या कैक पट. पडद्यावर रडार फिरायचं, गोलात गोल, मधे आपण आणि कडेनं बाकीच्यांची मुंडकी. पण त्यासाठी एकानं ‘सेंड’ दाबायचं आणि दुसऱ्यानं ‘रिसीव्ह’. आमच्या घरी दोघंही ‘सेंड’ दाबायचे. देणारा माणूस मोठा, अशी शिकवण असलेल्या घरात ‘घेणारा’ व्हायला कोणी तयार नसे. मग लोकेशन चालू करा म्हणून ते ॲप सांगायचं. समोर बसलेल्या माणसाला फोटो द्यायला मी कुठे आहे हे त्याला कशाला हवं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर जाहिरात. फोटो दहा सेकंदांत जायचा आणि जाहिरातीतून बाहेर पडायचं बटण शोधण्यात मिनिट जायचं.

२०२०च्या जूनमध्ये आमच्याकडे दोन घटना घडल्या. लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आणि महिन्याच्या शेवटी ही दोन्ही ॲपं गेली. पाणी का गुलाबी झालं ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं: खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची ती करामत. ॲपं का गेली तेही सर्वांना माहीत आहे. २९ जूनला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी आणली, त्यात टिकटॉकसाठी देशभर अश्रू ढाळले गेले आणि शेअरइट-झेंडर बिचारी यादीतच मावळली.

माझं नुकसान दोन्हींच्या मधल्या जागेत झालं. लोणारच्या पुतण्यानं पहाटे काठावर जाऊन त्या पाण्याचे ४० फोटो काढले होते. त्यानं व्हाट्सॲपवर पाठवले. पाच एमबीचा फोटो माझ्याकडे येईपर्यंत २०० केबीचा झाला, काठावरच्या झाडांचा पालक शिजल्यासारखा लगदा झाला आणि शेजाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की हे पाणी मोबाइलमधून रंगवलेलं आहे. म्हणून मूळ फोटो घेऊन पुतण्या जुलैत बुलढाण्याला आला. तोंडाला मास्क, हातात फोन. मी नव्या फोनवर शेअरइट शोधलं. नाही. झेंडर शोधलं. तेही नाही. शेवटी आम्ही ब्लूटूथ लावला आणि मधे सहा फुटांचं अंतर ठेवून दोघं व्हरांड्यात बसलो. ४० फोटो जाईपर्यंत दोनदा चहा झाला. सोयाबीनच्या पेरणीची सगळी हकिकत त्यानं सांगून संपवली. एवढा निवांत पुतण्या मला त्यानंतर कधी मिळालेला नाही, हे ब्लूटूथच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

त्याच ऑगस्टमध्ये गूगलनं ‘निअरबाय शेअर’ आणलं आणि जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगच्या साधनाशी त्याचं लग्न लावून सासरचं नाव दिलं, ‘क्विक शेअर’. आता ते बहुतेक अँड्रॉइड फोनांत आधीपासूनच असतं. त्याची युक्ती चांगली आहे. ब्लूटूथ फक्त शेजारी कोण आहे ते हुडकतो आणि ओळख करून देतो. माल वाय-फायनं जातो. म्हणजे ब्लूटूथला आता मध्यस्थी करणाऱ्या मामाचं काम दिलं आहे. स्थळ सुचवायचं आणि बाजूला व्हायचं. ओझी तरुणांनी वाहायची.

हे सगळं आमच्या घरातल्या दोन माणसांना लागू नाही. एक आमचे पुण्याचे जावई. त्यांच्याकडे आयफोन आहे. ते लग्नकार्यात येतात, सुंदर फोटो काढतात आणि म्हणतात, “एअरड्रॉप करतो.” मग ते मान वर करून मांडवात कोणी घेणारा दिसतो का ते पाहतात. एअरड्रॉप २०११पासून आहे, आणि ज्याच्या हाती आला त्यानं दुसऱ्या कशाचं नाव काढलं नाही, इतका चांगला आहे. पण तो ॲपलच्या पंगतीत बसलेल्यांनाच वाढतो. जावईबापू पंगतीत एकटेच. आता २०२५च्या नोव्हेंबरपासून गूगलच्या पिक्सेल १०वरून एअरड्रॉपला फोटो देता-घेता येतो, म्हणजे सोवळं थोडं सुटलं. आमच्या सोयऱ्या-धायऱ्यांत कोणाकडे पिक्सेल १० आहे का, याची चौकशी चालू आहे.

दुसरे सासरेबुवा. त्यांचं साधन कोणाच्याही फोनवर चालतं. ते समोरच्याला म्हणतात, “फोटो उघड अन् धरून ठेव.” आणि त्याच्या फोनच्या पडद्याचा आपल्या फोननं फोटो काढतात. त्यात छताचा पंखा येतो, ट्यूबलाइट येते, सासरेबुवांची कपाळपट्टी येते. पण फोटो येतो. हिशेबाला बसलं तर आमच्या घरात सर्वांत कमी वेळात आणि हमखास फोटो मिळालेला माणूस तोच आहे.

शेजारच्या यंत्रात फाईल टाकण्याचं सगळ्यांत मोठं केंद्र मात्र घरी नाही, तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. आपल्या फोनमध्ये सातबारा, हातभर अंतरावर दुकानदाराचा संगणक, त्याला जोडलेला प्रिंटर. दुकानदार मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवतो. भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: ‘यावर व्हाट्सॲप करा.’ आपण करतो. मागचाही करतो. त्याच्या मागचाही. “पाच-सात-सात कोणाचं?” “माहं.” “आधार का बँक पासबुक?” “दोन्ही.” त्या एका फोनमध्ये आणि त्या संगणकाच्या डाऊनलोडच्या कप्प्यात निम्म्या तालुक्याचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले, आणि एखाद्याचा चुकून गेलेला वाढदिवसाचा केक आहे. तलाठ्यालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी त्या दुकानाला ठाऊक आहेत. इंजिनिअरिंगच्या भाच्यानं एकदा त्याला ‘पेअरड्रॉप’ दाखवलं. दोघांनी ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, एकमेकांचं चिन्ह दिसतं, फाईल टाकायची, कोणाचा नंबर नको न काही नको. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या नऊवारीतल्या आजींकडे बोट दाखवलं. “ह्याइले सांग,” म्हणाला. भाचा परत आला.

इथेच माझं मत सांगून टाकतो. कोणतं साधन चांगलं हा प्रश्न एकट्या माणसाला पडतो. दोन माणसं आली की साधन आपण निवडत नाही. समोरच्याच्या फोनमध्ये जे आहे आणि समोरच्याच्या अंगात जितका दम आहे, त्याला शरण जातो. म्हणून आख्खा जिल्हा व्हाट्सॲपवर आहे. सगळ्यांत वाईट साधन, पण सगळ्यांकडे.

भाच्याला हे मत मान्य नाही. त्याचं आवडतं साधन ‘लोकलसेंड’. फुकट, जाहिरात नाही, खातं उघडायला नको, अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही. दोन्ही यंत्रं एका वाय-फायवर किंवा एकमेकांच्या हॉटस्पॉटवर असली की झालं. माझ्या मतानंही यातलं हेच सगळ्यांत सरळ. गेल्या दिवाळीला त्यानं ते माझ्या आणि साडूंच्या फोनमध्ये घालून दिलं. हे ॲप प्रत्येक फोनचं आपल्या मनानं बारसं करतं. एक इंग्रजी विशेषण आणि एक फळ नाहीतर भाजी. माझा फोन निघाला ‘पेशंट पपाया’. साडूंचा ‘रिच अनियन’.

साडूंनी अर्थ विचारला. भाच्यानं सांगितला. साडूंच्या वावरात त्या वर्षी दोन एकर कांदा होता.

“श्रीमंत कांदा?” साडू म्हणाले. “श्रीमंत?”

ते नंतर बराच वेळ बोलले नाहीत. जेवताना एकदम म्हणाले, “हे ॲप बनवणारा काही आपल्याकडचा नाई.” आणि हात धुवायला गेले ते फोन घेऊन. नाव बदलता येतं हे भाचा सांगेपर्यंत त्यांनी ॲप काढून टाकलं होतं.

त्यामुळे भेंडवळच्या वावरात त्या पहाटे माझ्याकडे पपई होती आणि साडूंकडे कांदा नव्हता. सोबत आलेल्या भाच्यानं ते ॲप पुन्हा घालायचं ठरवलं. त्यासाठी इंटरनेट हवं. इंटरनेटशिवाय चालणारं ॲप इंटरनेटशिवाय येत नाही, हे कळल्यावर साडूंनी भाच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी एकदा बोगस बियाणं निघालं तेव्हा पाहिली होती.

मग क्विक शेअर. ते दोघांकडे होतं. साडूंनी उघडलं. माझा फोन दिसेना. भाच्यानं माझ्या फोनमध्ये डोकं घातलं आणि निदान केलं: “मामा, तुम्ही फक्त ओळखीच्यांना दिसता. मावसाजींच्या संपर्कात तुमचा ई-मेल नाही, म्हणून त्यांच्या फोनला तुम्ही ओळखीचे वाटत नाही.”

२६ वर्षांचं नातं. एका मांडवात दोघांनी हुंडा नको म्हणून सांगितलं होतं आणि दोघांनाही सासऱ्यांनी घड्याळ दिलं होतं. पण ई-मेल नव्हता. मी ‘सगळ्यांना दिसू द्या, दहा मिनिटं’ हे बटण दाबलं. साडूंनीही दाबलं. आणि साडूंच्या पडद्यावर वावरातली माणसं उगवायला लागली. रेडमी, व्हिवो, ओप्पो, पुन्हा रेडमी, ‘पाटील ५जी’, ‘जय गजानन’, ‘हात लावू नको’, ‘बार्बी’.

“यातले तुमी कोनते?”

मी मान खाली घातली. माझा फोन लेकीनं वापरून झाल्यावर मला मिळालेला आहे. नाव बदलायचं राहून गेलं होतं. चारचौघांत, धोतरं-पागोट्यांच्या गर्दीत, भाकीत ऐकायला आलेल्या सोयऱ्यासमोर, मी ‘बार्बी’ आहे हे सांगायला जीभ वळेना. मी म्हटलं, “असेन त्यातच कुठेतरी, पाहा.”

साडूंनी स्वतःच्या बुद्धीनं पाहिलं. सोयरा शेगावला वारी करणारा, तेव्हा ‘जय गजानन’. दाबलं. समोरून घेतलंही. पडद्यावर गोल भरला, टिक आली, चार-पाच सेकंदांत काम फत्ते.

“पाह्यलं? गेला बी!”

“मला तर काही आलं नाही.”

“असं कसं? घेतला ना तुमी.”

भाच्यानं फोन हातात घेतला. १.४ जीबी चार सेकंदांत जात नाही, हे त्याला कळत होतं. गेला होता तो दुसराच व्हिडिओ, ४० सेकंदांचा. साडूंनी आदल्या आठवड्यात गोठ्यात काढलेला. त्यात त्यांचा पांढरा गोऱ्हा आहे, साडू त्याचा जबडा उघडून दात कॅमेऱ्याला दाखवतात, गोऱ्हा वैतागतो, आणि शेवटी साडू तोंड जवळ आणून आपला मोबाइल नंबर दोनदा सावकाश सांगतात. अक्षय्य तृतीयेनंतर बैलांचे व्यवहार हलतात, म्हणून तयार करून ठेवला होता.

आम्ही तिघं ‘जय गजानन’ कोण असेल म्हणून आजूबाजूला पाहत होतो. आमच्या जिल्ह्यात त्या नावानं शोधायला निघणं म्हणजे वारीत टाळकरी शोधण्यासारखं आहे. तेवढ्यात एक बंडीवाले गृहस्थ फोन छातीशी धरून, दर माणसाचं तोंड न्याहाळत गर्दीतून वाट काढत आले. साडूंच्या समोर थांबले. फोनकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं.

“हा गोऱ्हा तुमचा काय, भाऊ?”

“माहाच.”

“किती दाती हाय?”

“चारदाती. पाह्यले ना तुमी व्हिडिओत.”

“पाह्यले. डावीकडचा बरोबर नाई दिसला. वखराले चालते?”

“वखराले चालते, डवऱ्याले चालते. मारत नाई.”

भाकीत, पाऊस, पानविडा, सगळं बाजूला राहिलं. गृहस्थांनी खांद्यावरचा रुमाल काढला, साडूंच्या उजव्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा पंजा धरला. बैलबाजार पाहिलेल्यांना हे सांगायला नको. रुमालाखाली बोटं दाबायची. किती बोटं आणि कोणतं पेर, त्यावरून आकडा. वरून दोघंही तोंडानं पावसाचं बोलत होते. साडूंनी मान हलवली, नाही. पुन्हा रुमाल हलला. पुन्हा नाही. शेजारी उभा राहून मला काहीही कळलं नाही, भाच्याला तर नाहीच. वीतभर अंतर, दोन हात, मधे कापड. टॉवर नको, खातं नको, लोकेशन नको, आणि शेजारच्याला आकडा फुटत नाही. चौथ्या वेळी साडूंचा चेहरा सैल पडला आणि रुमाल बाजूला झाला.

“बस का?” गृहस्थ म्हणाले.

“बस,” साडू म्हणाले.

भाच्यानं एवढंच विचारलं, “मावसाजी, केवढ्याला?” साडूंनी उत्तर दिलं नाही. आजही दिलेलं नाही.

माझा व्हिडिओ मला दहा दिवसांनी मिळाला. साडूंनी तो जळगाव जामोदला एका दुकानात पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतला, पेन ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पुडीत, पुडी ज्वारीच्या पापडांच्या पिशवीत, आणि पिशवी त्यांच्या गावच्या मास्तरांजवळ दिली. मास्तरांनी ती बुलढाण्याला स्टँडवर माझ्या हाती दिली. ११ मिनिटं भाकीत आहे. त्यातली नऊ मिनिटं साडू मागच्याला “लोटू नका ना बाप्पा” म्हणतात तेवढंच ऐकू येतं. पापड चांगले होते.

राहता राहिला तो गोऱ्ह्याचा व्हिडिओ. बंडीवाल्या गृहस्थांनी तो कौतुकानं आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो आणखी कुठे कुठे गेला, आणि साडूंना अजून मलकापूरपासून मेहकरपर्यंतचे फोन येतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या फोनमध्ये पांढऱ्या, चारदाती, जबडा उघडलेल्या गोऱ्ह्याचा ४० सेकंदांचा व्हिडिओ असेल, तर त्यांना साडूंच्या वतीनं कळवतो: गोऱ्हा गेला आहे. फोन करू नये.